चौदा अंशांखाली

एका ओळीच्या ईमेलने माणूस गोत्यात येतो का? येतो. शुक्रवारी सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा पिताना मोजणीबाईने फोन उघडला, वाचलं, आणि कप तसाच ओट्यावर ठेवून दिला. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी लिहिलं होतं, 'अकरा नंबरच्या घराची मूळ रीडिंग्ज, काहीही न वगळता, सोमवारी सोबत आणावीत.' बस. ना नमस्कार, ना शुभेच्छा.

"काय गं, चेहरा का उतरला?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्यांचंच नेहमी काहीतरी असतं. चार वर्षं ऐकतेय तुझं 'काही नाही'. काल रात्री झोपेत आकडे बडबडत होतीस. तुझे भाऊजी म्हणाले, ही लग्नात मंगलाष्टकांच्या जागी सरासरी म्हणेल."

एरवी मोजणीबाईने ताईला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. आज तिने नुसती बॅग उचलली.

मोजणीबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण ज्या इमारतीत ती तीन वर्षं खेटे घालत होती, तिथल्या लोकांनी तिचं बारसं केलं ते असं, आणि मग विद्यापीठातही तेच चिकटलं. इमारती गरम ठेवायला किती ऊर्जा लागते, कागदावर लागेल म्हणतात तेवढीच लागते की निराळी, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तिला मिळाली होती सोळा घरांची एक जुनी चारमजली इमारत. तिच्या भिंतींना बाहेरून जाड अस्तर चढवलं होतं, खिडक्या बदलल्या होत्या. मोजणीबाईने प्रत्येक घरातल्या हीटरला मीटर लावला आणि प्रत्येक घरात काडेपेटीएवढी एक पांढरी डबी दिली. डबी दर दहा मिनिटांनी तापमान टिपून ठेवायची. हीटरचा खर्च घरभाड्यातच धरलेला, त्यामुळे हीटर कमी लावला काय नि जास्त लावला काय, कुणाच्या खिशाला फरक पडत नव्हता. म्हणूनच तर तिने ही इमारत निवडली होती. लोक काटकसर करणार नाहीत, राहतील तसे राहतील, आणि भिंतींचा खरा गुण कळेल.

आणि गुण कळला, तोही कसा! अस्तर लावल्यावर इमारतीची ऊर्जा एकेचाळीस टक्क्यांनी घटली. कागदावरच्या हिशेबात तीस निघत होते. आता या विषयातली सगळी मंडळी आयुष्यभर एकच रडगाणं गातात, की कागदावर जेवढी बचत दिसते तेवढी प्रत्यक्षात कधी होत नाही. इथे उलटी गंगा वाहत होती. सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, हरखून गेले. त्यातही अकरा नंबरचं घर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या घराचा मीटर जेमतेम हलायचा आणि डबी मात्र सरासरी एकवीस अंश दाखवायची. कमी खाऊन धष्टपुष्ट दिसणारा माणूस भेटला तर आपण म्हणतो, हा चोरून खात असणार. प्रबंधात असं म्हणत नाहीत. प्रबंधात त्याला उत्कृष्ट कामगिरी म्हणतात.

मोजणीबाईला शंका आली नव्हती असं नाही. गेल्या वर्षी ती सरांना म्हणाली होती, "सर, अकरा नंबर जरा अतिच चांगला नाही वाटत?" सर हसले होते. "लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये गं." तीही हसली होती. हसायला काय लागतं?

आता विद्यापीठातल्या आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तिने अकरा नंबरची मूळ फाइल उघडली. सोमवारी तिचं शेवटचं सादरीकरण. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. हा सोमवार हुकला तर नोंदणीच रद्द, चार वर्षं पाण्यात. हे तिला माहीत होतं, सरांना माहीत होतं, ताईला माहीत होतं, आणि ताईमुळे ताईच्या सगळ्या शेजाऱ्यांना माहीत होतं.

मूळ फाइल आणि साफ केलेली फाइल यांच्यामध्ये एक छोटासा नियम बसला होता. तिनेच तो तीन वर्षांपूर्वी लिहिला होता. चौदा अंशांखालचं रीडिंग चुकीचं समजून वगळावं. त्यात गैर काही नव्हतं, असे नियम सगळेच लावतात. बॅटरी उतरली, डबी खिडकीच्या फटीत पडली, तर खोटे आकडे येतात. ते काढायला नकोत? आणि माणसं राहतात त्या घरात चौदाच्या खाली कोण राहील?

तिने नियम काढला आणि आलेख पुन्हा काढला.

सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत एकवीस, बावीस. आठ वाजून गेले की रेघ दाणकन खाली. दहा. कधी नऊ. सकाळपर्यंत तशीच. दहाला पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिने गेल्या वर्षीचा हिवाळा काढून बघितला. तिथेही तेच.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली.

बॅटरी उतरली असती तर रोज आठाच्या ठोक्याला उतरली नसती. आणि घर असं अर्ध्या तासात थंड होत नाही. अस्तर लावलेलं घर तर मुळीच नाही, ते तापवलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं सावकाश निवतं. इतक्या झटकन थंड होते ती फक्त डबी. म्हणजे कुणीतरी तिला उबेतून उचलून थंडीत नेत होतं, रोज, दोन हिवाळे. फाइल साफ करणाऱ्या प्रोग्रामने वगळलेल्या रीडिंग्जचा आकडाही दिला होता, फाइलच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. अकरा नंबरची हिवाळ्यातली निम्म्याहून जास्त रीडिंग्ज बाद. तिने तो आकडा कधी वाचलाच नव्हता. खोट्या आकड्यावर आपण प्रबंध उभा केला, सोमवारी सगळ्यांसमोर तो कोसळणार, आणि परीक्षकांना ते आधीच कळलंय.

ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी आलेख बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"डबीत दोष," ते म्हणाले.

"सर, दोष रोज आठ वाजता—"

"डबीत दोष होता असं लिही आणि ते घर वगळून टाक. एकेचाळीसचे सदतीस होतील. आभाळ कोसळणार नाही."

"पण ते तिथे राहताहेत ना, सर. नऊ अंशांत."

"कोण?"

"अकरा नंबर."

सरांनी चष्मा पुन्हा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. तिचा प्रबंध अडकला तेव्हा त्यांनी दोनदा शब्द टाकला होता, आणि तिसऱ्यांदा टाकायला त्यांच्याकडे शब्द उरला नव्हता. "हे बघ," ते म्हणाले, "तुझा विषय भिंती आहेत, माणसं नव्हेत. आधी पदरात पाडून घे, मग काय चौकशा करायच्या त्या कर. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलेलं प्रकरण पाठव मला."

पाठवता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम. बसमध्ये बसल्यावरही तिला वाटत होतं की इथूनच परत फिरावं, एक ओळ लिहावी आणि मोकळं व्हावं. सदतीस काही वाईट नाहीत. सदतीसवर कुणाचंही पोट भरेल. तिने नखं खाऊन खाऊन करंगळीला रक्त काढलं, पण उतरली ती इमारतीपाशीच.

अकरा नंबरमध्ये राहायचे कंडक्टरकाका. चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा लांब, फोन रविवारी. मोजणीबाई तीन महिन्यांनी एकदा डब्या तपासायला यायची तेव्हा काका तिला हमखास म्हणायचे, "या, पुढे चला, मधे जागा ठेवू नका!" आणि एकट्याच आलेल्या तिला खुर्ची दाखवायचे. आज दार बंद होतं. तिने तीनदा बेल वाजवली. मग जिना उतरून ती बाहेर आली, आणि तळमजल्यावरच्या लाँड्रीच्या काचेतून तिला काका दिसले. कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्राला पाठ लावून ते वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"अहो मोजणीबाई! न सांगता?" ते दचकून उठलेच. "काही चुकलं का?"

"काका, तुमची डबी कुठंय?"

काकांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली डबी काढली. जपून, दागिना काढावा तशी.

"खिशात?" मोजणीबाईने विचारलं. "काका, ही घरात ठेवायची असते!"

"वा! तुम्हीच तर सांगितलं होतं, जिथे उठता-बसता तिथे ठेवा. मी इथे उठतो-बसतो. लाँड्रीवाली भली बाई आहे, काही म्हणत नाही. दिवसभर इथे, झोपायला वर. डबी माझ्याबरोबर. एक दिवस विसरलो नाही, विचारा कुणालाही!"

ते तिने खरंच म्हटलं होतं. पहिल्या दिवशी, सोळाही घरांत, घाईघाईत, हेच वाक्य.

"वर चला, काका."

"आत्ता? नको, आत्ता पसारा आहे. तुम्ही आधी फोन करून येता ना, मग मी जरा..."

"जरा काय?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग किल्ली काढून पुढे चालू लागले.

दार उघडलं आणि गारठा अंगावर आला. मोजणीबाईला स्वतःच्या श्वासाची वाफ दिसली. पलंगावर चार पांघरुणं, त्यांच्यावर जुना गणवेशाचा कोट. स्वयंपाकाच्या जागी तेल थिजलेलं. हीटरला तिने हात लावला, तो दगडासारखा होता, आणि त्याची चावी शून्यावर. ती यायची तेव्हा हे घर नेहमी उबदार असायचं. ती यायची त्या दिवशीच फक्त.

"पाहुणा यायचा म्हणजे घर गरम नको?" काका ओशाळून म्हणाले.

"काका, तुम्ही हीटर का लावत नाही? बिघडलाय का? सांगायचं तरी!"

"छे, बिघडलाय कुठं. झकास चालतो."

"मग?"

काकांनी नुसतं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर ओळीने कागद चिकटवले होते, एकाखाली एक, कडा सरळ कापून. मोजणीबाईने ते लगेच ओळखले, कारण ते तिचेच होते. दर महिन्याला ती इमारतीच्या फलकावर एक कागद लावायची, कोणत्या घराने किती ऊर्जा वापरली, सगळ्यात कमी वापरणारं वर, सगळ्यात जास्त वापरणारं खाली. लोकांचे आकडे लोकांना परत द्यावेत, असं पुस्तकात होतं, म्हणून. कागद लावून ती विसरून जायची. इथे प्रत्येक कागदावर पहिल्या ओळीखाली लाल पेनाची रेघ होती. घर क्रमांक अकरा.

"पहिल्या महिन्यात मी मुलाकडे गेलो होतो तीन आठवडे," काका सांगू लागले. "घर बंद. परत आलो तर जिन्यात जो तो हात मिळवतोय. काका, पहिला नंबर! काका, कसं काय जमवलं? तळमजल्यावरचा तो शिष्ट वकील, दोन वर्षांत कधी ओळख दिली नव्हती त्याने, तोही थांबला. आता त्यांना कोण सांगणार, की मी घरीच नव्हतो?" ते हसले. "खोटं कशाला सांगू, बरं वाटलं हो. शाळेत कधी पहिला आलो नाही. नोकरीत बढती नाही. बसमधूनसुद्धा मी सगळ्यात शेवटी उतरायचो. म्हटलं, या वयात मिळालाय नंबर, टिकवून बघू."

"दोन वर्षं?"

"सवय होते. रात्री जरा जड जातं. गेल्या जानेवारीत छातीत कफ झाला होता, पण तुम्हाला काय त्याचं. तुमचं काम छान झालं ना? सर खूश आहेत म्हणाला होतात."

मोजणीबाई पलंगाच्या कडेला बसली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, काकांचा नाही. हा माणूस नऊ अंशांत कुडकुडत होता, डबी इमानेइतबारे ते लिहून ठेवत होती, आणि तिने ते पुसून टाकलं होतं. एकदा नाही, हजारो वेळा. असं कोण राहील, या एका वाक्यावर.

ती उठली आणि तिने हीटरची चावी पूर्ण फिरवली.

"अहो, अहो! काय करताय!" काका धावले. "महिना संपायला दोन दिवस राहिलेत फक्त!"

"संपू दे महिना."

"सोपंय तुम्हाला बोलायला! ती चार नंबरवाली टपूनच बसलीय. गेल्या महिन्यात माझ्यात नि तिच्यात केसाएवढा फरक होता. आज हीटर लावला तर ती गेलीच पुढे!"

मोजणीबाईचा हात चावीवरच राहिला. "चार नंबरवाली?"

"दुसऱ्या नंबरवर असते ना ती. जिद्दीची बाई आहे हं. तिला वाटतं मला कळत नाही, पण मी जाता-येता बघतो. सगळ्यांच्या खिडक्यांच्या काचांवर आतून वाफ धरते, तिच्या धरत नाही."

"काका, चार नंबरमध्ये बाळ आहे."

"आहे की. आठ महिन्यांचं. गोड आहे." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी भिंतीवरच्या कागदांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हळूच खुर्चीत बसले. "मला हे सुचलंच नाही हो," ते म्हणाले.

तिने जिन्यातच बॅग उघडली, पायरीवर लॅपटॉप ठेवला. घर क्रमांक चार. नियम काढून टाकला. दुपारी तेवढं पंधरा. मग तेरा. बारा. बारा. साडेबारा. बारा. ही डबी खिशातली नव्हती, भिंतीवर जागच्या जागी होती, आणि रात्रभर, दिवसभर खरं तेच सांगत होती. मग तिने दोन नंबर उघडलं, सात उघडलं, चौदा उघडलं. कुठे थोडं, कुठे बरंच, पण सगळीकडे चौदाच्या खाली रेघ होती. एकेचाळीस टक्के भिंतींनी वाचवलेच नव्हते. किती भिंतींनी वाचवले आणि किती कुडकुडणाऱ्यांनी, हे आता तिला सांगता येणार नव्हतं. सोमवारपर्यंत तर नाहीच.

फोन वाजला. सर.

"प्रकरण झालं का?"

"सर, डबीत दोष नव्हता."

"मग?"

"दोष मी लावलेल्या कागदात होता. मी लोकांना नंबर दिले आणि लोक थंडीत राहिले. मी सोमवारी एकेचाळीस म्हणणार नाही. सदतीसही नाही."

"मग म्हणणार काय आहेस?" सरांचा आवाज चढला. "तुला कळतंय ना, तू काय करतेयस? नोंदणी रद्द होईल. मी काहीही करू शकणार नाही."

"कळतंय, सर." तिला खरंच कळत होतं. तिने लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला. "मी हेच म्हणणार आहे. मूळ रीडिंग्ज दाखवणार, आणि चौदाचा नियम मी लिहिला होता हेही सांगणार. पुढे जे व्हायचं ते होऊ दे. मी नंतर बोलते, मला आत्ता एका घरी जायचंय."

तिने फोन बंद केला आणि चार नंबरची बेल वाजवली.

दार उघडलं ते एका तरुण बाईने. नाक लाल, अंगात दोन स्वेटर, कडेवर बाळ. बाळाच्या डोक्यात लोकरीची टोपी आणि दोन्ही हातांत पायातले मोजे चढवलेले. मोजणीबाईला बघून बाईचा चेहरा उजळला आणि लगेच गडबडला. तिने मागे हीटरकडे चोरून बघितलं.

"अगं बाई, तुम्ही! दोन मिनिटं थांबता का बाहेर? जरा घर आवरते." मग ती दारातून पुढे झुकली, जिन्यात वर कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, आणि कुजबुजली, "खरं सांगा हं. या महिन्यात तरी मी काकांच्या पुढे आहे ना?"

मोजणीबाईने बाळाचा हात हातात घेतला. तो मोज्यातूनही गार लागत होता.

"आहात," ती म्हणाली, "पुढे आहात," आणि बूट न काढताच ती आत हीटरकडे धावली.